राखाडी आभाळाची फळी

१

लग्न ठरण्याआधी मी नवऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं, पण त्याच्या कामाची पाठ पाहिली होती.

माझे वडील कागदाला खळ देतात. सरस आणि तुरटीचं पाणी रुंद ब्रशने कागदावर ओढायचं आणि कागद दोरीवर वाळत घालायचे, म्हणजे छापताना रंग फुटत नाही. तरी महिन्यातून एकदा कुणीतरी छापणारा बिघडलेले कागद घेऊन भांडायला यायचाच. 'खळ कमी पडलीय, बघा!' वडील कागद उलटा करून नुसतं पाठीकडे बघायचे. रंग लावलेल्या फळीवर कागद पालथा घालतात आणि पाठीवरून बारेनने घासतात. बारेन म्हणजे बांबूच्या सालीत बांधलेली तळहाताएवढी चकती. त्या घासण्याने ओल्या कागदाची लव वळते आणि ज्याचा हात असेल त्याची सही पाठीवर राहते. वडील म्हणायचे, 'खळ बरोबर आहे. तुमचा माणूस झोपेत घासतोय.'

उनोसुकेचे कागद आले तेव्हा मी हात फिरवून पाहिला. उजवीकडून डावीकडे, लहान लहान वर्तुळं, एकसारखी. मी आईला म्हटलं, "हा माणूस घाई करत नाही."

"मग जेवायलाही वेळ लावेल," आई म्हणाली.

लावतो. आईचं बरोबर निघालं.

रशियाशी चाललेली लढाई संपली त्या शरद ऋतूत मी आसाकुसा पेठेत त्याच्या घरी आले. खाली दोन खोल्या, वर कामाची खोली. तिला उत्तरेकडे एकच खिडकी. तिच्या सरकत्या कागदी झडपांच्या फटीसुद्धा बुजवलेल्या होत्या, कारण वारा आला की कागद वाळतो आणि आक्रसतो. घरात आम्ही तिघं: उनोसुके, त्याची आई आणि मी. सासरे त्याआधीच्या वसंतात वारले होते. तेही छापणारेच, नावाजलेले. नवरा तोवर 'त्यांचा मुलगा' म्हणून ओळखला जायचा.

दिवसभर वरून बारेनचा आवाज यायचा. सर्र-सर्र-सर्र, थोडं थांबून पुन्हा. पहिल्या आठवड्यात मी सासूबाईंना विचारलं, "याचा त्रास नाही होत तुम्हाला?"

"चाळीस वर्षं ऐकत्येय," त्या म्हणाल्या. "आता बंद झाला तरी ऐकू येतो."

२

त्या हिवाळ्यात एका मासिकाच्या नव्या वर्षाच्या अंकासाठी चित्र छापायचं काम आलं. बाराशे प्रती. सासऱ्यांनंतरचं पहिलं मोठं काम. मासिकाचा कारकून हिरोसे काम देताना म्हणाला होता, "बघू या, हात बापाचा निघतो की नुसतं आडनाव." उनोसुके हसला होता. पण त्या दिवशी जेवायला नेहमीपेक्षाही जास्त वेळ लागला.

चित्रात बर्फात उभी असलेली एक बाई होती, हातात मिटलेली छत्री. मागे राखाडी आभाळ, वरून गडद आणि खाली येता येता फिकं. प्रत्येक रंगाची फळी वेगळी असते. आभाळाच्या फळीवर आभाळाची जागा उंच ठेवली होती आणि बाईची जागा कोरून काढली होती. म्हणजे मधोमध बाईच्याच आकाराचा खळगा. त्या जागी कागदाला काहीच लागू नये, तो पांढरा राहावा, तिचे रंग नंतर चढावेत, म्हणून. गडद-फिकं नीट उतरावं म्हणून प्रत्येक कागद या फळीवर दोनदा घालायचा होता.

माझं काम सकाळी कागद ओलसर करून वर द्यायचे, आणि संध्याकाळी छापलेली चळत खाली आणून खराब कागद निवडायचे. निवडताना मी पाठच बघते. सवय आहे.

आभाळाच्या तिसऱ्या दिवशी निवडताना एक कागद हातातून सटकला. तो पकडताना माझा अंगठा पुढच्या बाजूला, बाईच्या पांढऱ्या जागेवर टेकला. तिथे लव उठलेली होती.

कागदाचं पोट गुळगुळीत असतं. वडिलांच्या खळीने ते अंड्याच्या टरफलासारखं होतं. मी कागद दिव्यासमोर तिरका धरला. पांढऱ्या जागेत लहान लहान वर्तुळं होती. डावीकडून उजवीकडे. पाठीवर उनोसुकेची, पोटावर ही उलटी.

मी पुढचा कागद पाहिला. त्याच्या पुढचा पाहिला. सगळ्यांवर होती.

मी मनात कारणं लावली. वडिलांनी या खेपेला उलट्या बाजूने खळ ओढली असेल. पण मग बाकीचं पोट गुळगुळीत कसं? कागद लोंबून खळग्याच्या तळाला घासत असेल. पण तळ असा गोल गोल घासत नाही.

उनोसुके न्हाणीघरातून आला तेव्हा विचारलं, "अहो, तुम्ही समोरूनही घासता का?"

"समोरून? रंग पुसून टाकायला?"

"नाही, पांढऱ्या जागेत."

"तिथे फळी लागतच नाही, मिने. काय घासणार?" मग केस पुसत जरा लाजल्यासारखा म्हणाला, "पण काम हलकं चाललंय बरं का. बाबा म्हणायचे, चांगली फळी स्वतः हात देते. मला वाटायचं, उगाच बोलतात."

३

बारेनची साल एका दिवसात झिजते. रोज नवी साल भिजवून, ताणून, मागे पीळ देऊन बांधावी लागते. सासूबाई सालींचा गठ्ठा स्वतःच्या उशाशी ठेवायच्या, एकेक काढून द्यायच्या, जणू काही मी ती खाणार आहे.

चार दिवस त्यांनी साल दिलीच नाही.

"मागतच नाही तो," त्या खुशीत म्हणाल्या. "तू आलीस आणि मुलगा काटकसरी झाला. पायगुण म्हणायचा."

मी बारेन पाहिली. चार दिवस, दिवसाला दोनशे कागद, प्रत्येकी दोनदा. साल नुकतीच बांधल्यासारखी होती. घासण्याचा अर्धा भार दुसरंच कुणी उचलत असेल तर साल अर्धीच झिजेल, असा विचार माझ्या मनात आला. तो मी तिथेच ठेवला आणि मुळे चिरायला गेले.

त्या संध्याकाळी रोजच्यासारखी गरम मिठाची पुरचुंडी त्याच्या खांद्यावर ठेवायला गेले, तर म्हणाला, "नको, दुखतच नाही."

"मग हात द्या."

त्याने उजवा हात दिला. छापणाऱ्याच्या तळव्याच्या टाचेला जाड कातडं येतं, खडावेच्या तळासारखं. लग्नाच्या रात्री मला ते पहिल्यांदा लागलं तेव्हा मी दचकले होते आणि तो म्हणाला होता, 'घाबरू नको, तो माझाच भाग आहे.' आता ते कातडं मऊ पडलं होतं. तळव्यावरच्या रेघा पुसट झाल्या होत्या. खूप दिवस दोन पाट्यांमध्ये दाबून ठेवलेल्या वस्तूसारखा तो हात सपाट लागत होता.

"दुखतं का?"

"छान वाटतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हिरोसे नमुने बघायला आला. खिडकीशी त्याने एकेक कागद तिरका धरून पाहिला, आणि हिरोसेच्या बाबतीत एवढं बारकाईने बघणं ही बातमीच होती.

"हे पांढरं," तो शेवटी म्हणाला, "कोऱ्या कागदासारखं वाटतच नाही. कुणी येऊन उभं राहायच्या आधीची जागा वाटते. दगडावर छापणाऱ्यांनी जन्म घालवला तरी हे होणार नाही. काकू, रागावू नका, पण तुमच्या मालकांनाही हे जमलं नव्हतं."

"रागावू कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "मेलेल्याची बाजू घेऊन मला काय मिळणार? चहा घ्या."

मी उनोसुकेचं तोंड पाहिलं. सत्तावीस वर्षांच्या माणसाला जणू पहिल्यांदाच कुणीतरी नावाने हाक मारली होती. मला त्याच्यासाठी आनंद झाला आणि त्याच वेळी त्या सपाट हाताची भीतीही वाटली. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला लग्नापर्यंत माहीत नव्हतं.

४

जेवण झाल्यावर उनोसुके गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक न्हाणीघरात गेला. सासूबाई शेगडीशी बसून पेंगत होत्या. मी भांडी पुसत होते.

वर आवाज सुरू झाला. सर्र-सर्र-सर्र.

मी आधी दाराकडे पाहिलं. त्याच्या खडावा नव्हत्या. मग सासूबाईंकडे पाहिलं. डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "लवकर आला."

मी जिन्याने वर गेले. जिन्याला नऊ पायऱ्या. सातवीवर आवाज थांबला.

खोलीत कुणी नव्हतं. उतरत्या मेजावर राखाडी फळी, तिच्यावर एक कागद पालथा घातलेला. उनोसुके जाताना तो तसाच टाकून गेला असेल. पण तो असं कधी करत नाही. बारेन बाजूला, मेजाच्या कडेशी. कागदाच्या मधोमध, खळग्यावर, थोडी जागा बाकीच्यापेक्षा उंच होती. ओला कागद कधी फुगतो. फुगतोच. मी हे स्वतःला दोनदा सांगितलं आणि त्या जागेवर तळवा ठेवला.

खालून तळवा टेकला.

तेवढंच. ऊब नव्हती, गारठा नव्हता. पाच बोटांचा दाब, माझ्या हाताचं माप घ्यावं तसा क्षणभर थांबला आणि चटकन मागे गेला. कागद खळग्यात बसला.

मी भीतीने ओरडायला हवं होतं. पण मला आधी आठवलं ते दुसरंच. गर्दीच्या दुकानात आपल्या माणसाचा समजून परक्याचा हात धरावा आणि कळल्यावर आपण जसा मागे घेतो, अगदी तसाच तो हात मागे गेला होता. त्या हाताला वाटलं होतं, उनोसुकेच आलाय.

५

दुसऱ्या दिवशी उनोसुके रंग आणायला गेला. मी फळी फडक्यात बांधली आणि नदीपलीकडे होंजोला, ती कोरणाऱ्या देन्झोकाकांकडे गेले. सासूबाईंना सांगितलं, वडिलांकडे जाऊन येते. सून म्हणून ते माझं पहिलं खोटं. ते इतकं सहज निघालं याचं थोडं वाईट वाटलं.

देन्झोकाकांनी फळी मांडीवर घेतली. चष्मा कपाळावर होता. तो डोळ्यांवर आणला, मग पुन्हा कपाळावर ढकलला आणि बोटं खळग्यात घातली.

"किती छापले?"

"नऊशेच्या आसपास."

"नऊ हजार?"

"नऊशे, काका."

"मला शिकवू नको, पोरी. मी हा तळ गोल पटाशीने काढलाय. तिचे चर राहतात, आम्ही ते घासत बसत नाही. कोण बघणार? आता बघ." त्यांनी माझी बोटं धरून तळाला लावली. देवळाच्या पायरीसारखा तो झिजून गुळगुळीत झाला होता. "इथे कागद लागतच नाही. मग झिजवलं कुणी?"

"कागद लोंबून लागत असेल."

"कागदाने लाकूड झिजतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या कारागिरांना प्रश्न पडतात, पण काम पुढ्यात असलं की ते प्रश्नाऐवजी काम उचलतात.

"खोल करून देऊ?"

"होईल तेवढं."

"फळी दोनच बोटं जाड आहे. पलीकडे निघेन."

"मग त्याच्या अलीकडे थांबा."

ते हसले. "उनोसुकेला बायको बरी मिळाली. त्याच्या बापाला माझ्याशी असं बोलता आलं नसतं."

त्यांनी तळ खणला. गुळगुळीत लाकडाच्या ढलप्या चटईवर पडत गेल्या आणि मला प्रत्येक ढलपीबरोबर हायसं वाटत गेलं. परतताना पुलावर वारा होता. मी फळी छातीशी धरून चालत होते आणि मला वाटत होतं, झालं. आता पोचणार नाही.

६

तीन दिवस पोचलं नाही.

पोटावर लव उठली नाही. उनोसुके संध्याकाळी खांदा धरून खाली यायचा. मी मीठ गरम करायचे. सासूबाई कुरकुरत साल काढून द्यायच्या. मला हे सगळं इतकं आवडलं की मी गुणगुणले, आणि सासूबाई म्हणाल्या, "दिवस गेलेत की काय?"

पण छपाई हळू चालली होती आणि बरी येत नव्हती. आभाळ कुठे दाट, कुठे पातळ. पांढरी जागा नुसती कोरी. आणि तिसऱ्या दिवशीचे कागद हातात घेतले तेव्हा बाईच्या जागी खोलगट खड्डा पडला होता. वरून, पाठीकडून, कागद खळग्यात दाबला गेला होता. काही ठिकाणी तंतू फाटायच्या बेतात आले होते.

तो कुणापर्यंत तरी पोचायला बघत होता.

मी वर गेले. तो मेजासमोर मांडी घालून बसला होता, बारेन हातात नव्हती.

"फळी कुणी नेली होती?" त्याने विचारलं.

"मी. तळाला रंग लागत होता."

"लागत नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं. "अहो, खाली कोण होतं?"

"माहीत नाही. विचारलं नाही."

"का नाही?"

"विचारलं असतं तर थांबलं असतं." त्याने तळवा उलटसुलट करून पाहिला. "पंधरा वर्षं बाबांच्या शेजारी बसून घासलं. हात चुकला की ते काही बोलायचे नाहीत, नुसते तो कागद बाजूला काढायचे. मिने, या फळीवर पहिल्यांदा मला एकट्याला ओढावं लागलं नाही."

"मी आहे ना."

"तू आहेस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "तू पाठ बघतेस. कागद होऊन खाली आल्यावर."

मी त्याला सांगितलं, त्याच्या हाताच्या रेघा जातायत. त्याने हात पाहिला आणि म्हणाला, "कागद संपू दे. शंभर राहिलेत."

"हात राहील का तोवर?"

"शंभरच आहेत," तो म्हणाला.

७

चौथ्या दिवशी दुपारी आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला नाही.

मी खाली तांदूळ निवडत होते. एवढा वेळ तो कधी थांबत नाही. सासूबाई मान डोलावत होत्या. त्यांना अजून ऐकू येत असणार. मी सूप ठेवलं आणि वर गेले.

तो मेजावर वाकला होता. फळीवर कागद नव्हता. उजवी बाही खांद्यापर्यंत वर बांधलेली. गाल फळीच्या कडेला टेकलेला, डोळे अर्धे मिटलेले, चेहरा शांत. आणि हात खळग्यात कोपरापर्यंत गेला होता.

मी नीट पाहिलं. मी नीट पाहणारी आहे, माझा तेवढा एकच गुण आहे. फळी दोन बोटं जाड. मेज चार बोटं. त्याखाली चटई, तिच्याखाली खालच्या खोलीचं छत. छताखाली मी आत्ता बसले होते. तिथून हात आला असता तर तांदळात पडला असता.

मी त्याच्या कमरेला मिठी घातली आणि ओढलं.

तो मदतही करत नव्हता आणि विरोधही करत नव्हता. पोत्यासारखा होता. पण कुणीतरी पलीकडून ओढत होतं. मी पाय मेजाला लावले. हात मनगटापर्यंत वर आला, पुन्हा कोपरापर्यंत गेला. मला वाटलं होतं, असं काही असेल तर त्याला जोर असेल, राग असेल. तसं काही नव्हतं. ती ओढ जेमतेम माझ्याएवढीच होती. ती दमत होती. मी श्वास घ्यायला थांबले की तीही थांबायची, आणि मग दोघीही एकदमच पुन्हा ओढायला लागायचो. ती घाबरलेली होती. पलीकडेही एक खोली असावी, आणि तिथे कुणीतरी मेजाला पाय लावून आपल्या माणसाला मागे ओढत असावं, आणि त्या बाजूने बघितलं तर आत बुडालेला हात याचा नव्हताच, त्यांच्या माणसाचा होता.

हे मला तेव्हा सुचलं, नंतर नाही. सुचलं तरी मी ओढत राहिले.

मग एक कुणीतरी सैल पडली. मी नव्हते.

आम्ही दोघं चटईवर मागे पडलो. हात बाहेर होता. ओलसर, राखाडी, पण पुरा. मी बोटं मोजली. अंगठा जिथे असतो तिथे होता.

"मिने," उनोसुके म्हणाला, "काय झालं?"

तो तोच होता. आवाज तोच, डोळे तेच. मी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

हाताने स्वतःला चटकन मागे घेतलं.

८

उरलेले कागद त्याने दोन दिवसांत संपवले, मग बाईचे रंग चढवले. उत्तम आले. हिरोसे स्वतः येऊन घेऊन गेला, आणि आठवड्याने परत आला. आणखी पाचशे हवे होते. यावेळी चित्राच्या कडेला छापणाऱ्याचं नाव कोरायचं होतं. सासूबाईंनी नवऱ्याच्या तसबिरीपुढे भात ठेवला आणि म्हणाल्या, "ऐकलंत का?"

उनोसुके माझ्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलतो. खरंच चांगला वागतो. पण मी वाटी दिली की डावा हात पुढे येतो. उजवा बाहीत असतो. "त्याला ऊब लागत नाही," तो म्हणतो, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. चुकून माझी बोटं लागलीच, तर तो हात मागे जातो. चिडून जात नाही. परक्याच्या घरी राहायला आलेल्या माणसासारखा, अदबीने जातो. दुपारी उनोसुकेचा डोळा लागतो तेव्हा तो हात चटईवर फिरत असतो. लहान लहान वर्तुळं, डावीकडून उजवीकडे.

पाचशे कागद. दोनदा म्हणजे हजार खेपा. हजार वेळा तो त्या खळग्यावर वाकणार. मी पुन्हा जिंकेनच असं नाही, आणि पलीकडची आता सावध असेल. फळी मेजावर चढली तर पुढच्या वेळी कदाचित सगळा माणूसच जाईल. फळी रंधून सपाट केली तर जो हात तिकडे राहिला, राहिला असेल तर, तो कायमचा तिकडेच. दोन्ही गोष्टी मी तीन दिवस मनात उलटसुलट करून पाहिल्या. कागदासारखी इथे सुलट बाजू नव्हती.

चौथ्या दिवशी फळी फडक्यात बांधून मी पूल ओलांडला.

"रंधा मारायचा?" देन्झोकाका म्हणाले. "आणखी पाचशे मागितलेत ना? गल्लीभर बोभाटा आहे."

"त्यांचं ठरलंय. आभाळ नवीन काढणार आहेत."

"वेडे आहेत. आणि तू एवढं खोल करून घेतलंस. अर्धी फळी भुश्यात जाईल." त्यांनी फळी पाचरींमध्ये आवळली आणि रंध्याचं पातं अंगठ्याने पाहिलं. "बाजूला हो."

मी झाले नाही. माझा हात खळग्यावर होता. तो तिथे कधी ठेवला ते मला आठवत नाही.

खालून हात आला आणि माझ्या तळव्याला लागला. या वेळी तो मागे गेला नाही. त्याने माझी बोटं एकेक करून चाचपली, घाई न करता, आणि मग धरली. बायकोला हात कळतो. त्यासाठी पाठ बघावी लागत नाही.

"अगं, हात काढ," देन्झोकाका म्हणाले. "बोटं जातील. बरं नाही का वाटत?"

"काढते."

मी घरच्या माणसाचा विचार केला. तो जेवायला थांबला असेल, माझ्याशिवाय वाढून घ्यायचं नाही म्हणून. तो पुरा आहे, बोलतो, हसतो. एका हाताचं काय, माणसं लढाईवरून दोन्ही हात गमावून आली. पलीकडच्या बाईचाही विचार केला. तिच्या घरी एक हात राहील, तो तिच्या हाताला सवयीचा होईल किंवा होणार नाही.

मग मी हात ओढला. ओढावाच लागला. बोटं सोडत नव्हती, मला एकेक सोडवून घ्यावी लागली.

"चालवा," मी म्हटलं.

देन्झोकाकांनी रंधा चालवला. पहिली साल लांब, अखंड निघाली. एका बाजूने राखाडी, एका बाजूने लाकडाच्या रंगाची. "काय सुंदर सुटतंय," ते म्हणाले, आणि दुसऱ्यांदा चालवला.

मी निघून जाऊ शकले असते. फळी अगदी सपाट होईपर्यंत तिथे उभी राहिले. तेवढं तरी मी करायला हवं होतं.